तोलाचा दाखला

भाऊसाहेब पडले ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण सकाळच्या चहाला ती पायरी पाचवी झाली, जेवणाच्या सुट्टीत आठवी झाली, आणि संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त मोजणीदार दारातच उभे राहून विचारत होते, "काय हो, गच्चीवरून पडलात म्हणे?"

पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये भाऊसाहेबांची सत्तावीस वर्षं गेली. छतापर्यंत फडताळं, फडताळांत फडक्यांत बांधलेले गठ्ठे, आणि गठ्ठ्यांपर्यंत पोचायला अकरा पायऱ्यांची लाकडी शिडी. भाऊसाहेब नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्या दिवशी नाकासमोर एक जुना गठ्ठा होता. त्याला हात घातला आणि सगळं फडताळ डावीकडून उजवीकडे सावकाश सरकलं. फडताळं सरकत नसतात हे त्यांना माहीत होतं, पण तेवढा विचार पुरा व्हायच्या आत ते खाली हेडक्लार्क मॅडमच्या टेबलापाशी बसलेले होते. 'पडले' हा शब्द लोकांचा. ते स्वतः 'बसलो' असंच सांगत.

"लागलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग उठा आणि अर्ज लिहा."

मॅडमकडे प्रत्येक प्रसंगासाठी परिपत्रक असे. कार्यालयीन साधनावरून पडलेल्या कर्मचाऱ्याने आपला तोल ठीक असल्याचा दाखला दिल्याशिवाय त्या साधनाचा पुन्हा वापर करू नये. दोन महिन्यांत दाखला न आल्यास त्यास अन्यत्र बसवावे. अन्यत्र म्हणजे तक्रार खिडकी, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तिथे बसलेल्या माणसाला दिवसभर लोक विचारत, पाणी का आलं नाही. आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी विचारत, काल का आलं नाही. गठ्ठे निदान बोलत तरी नाहीत. भाऊसाहेबांची पाचावर धारण बसली.

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत डोकावून पाहिलं. "कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. तुमचा जरा आळशी झालाय."

भाऊसाहेबांना हे फार लागलं. सत्तावीस वर्षांत एकदाही उशिराची लाल रेघ नाही, आणि आपल्याच कानाने असं करावं?

डॉक्टरांनी औषध दिलं नाही, चिठ्ठी दिली. नागरी केंद्र, तोलाचा वर्ग, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी पाच, खोली १. दोन महिने नियमाने गेलात की तिथलेच दाखला देतील. आता डॉक्टरांच्या हातचा एक आणि डॉक्टरांच्या हातचा नऊ यांतला फरक जगात एका डॉक्टरांनाच कळत असावा. भाऊसाहेबांनी तो आकडा नऊ वाचला. बायकोनेही नऊच वाचला. मोजणीदारांनी भिंग आणून, चिठ्ठी उजेडाकडे धरून शेवटचा निर्वाळा दिला, "नऊ. शंकाच नको. मी आयुष्यभर आकडेच वाचलेत."

खोली नऊ दुसऱ्या मजल्यावर. चक्कर येणाऱ्यांचा वर्ग दोन जिने चढून भरवायचा, यात काय शहाणपण असेल याचा विचार करत, कठड्याला धरत धरत भाऊसाहेब वर पोचले. दारावर कागद होता. वरच्या अर्ध्या भागावर कुणीतरी 'पंखा चालू ठेवून जाऊ नये' अशी दुसरी सूचना चिकटवलेली. तिच्याखालून उरलेलं दिसत होतं: 'मूलभूत तत्त्वे: तोल, लय, प्रमाण. वयाची अट नाही.' भाऊसाहेबांना हायसं वाटलं. झाकलेल्या भागात 'दृश्यकला' असा एक शब्द होता, पण झाकलेलं उघडून वाचणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आत आठ-दहा माणसं. एक दातांची डॉक्टरीण, एक बेकरीवाला, एक निवृत्त बस ड्रायव्हर. भाऊसाहेबांनी मनातल्या मनात सगळ्यांचं निदान केलं. डॉक्टरीण दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघते, तिचा तोल जाणारच. बेकरीवाल्याला भट्टीची धग. ड्रायव्हरला तर वळणंच वळणं. प्रत्येकापुढे कागद आणि पेन्सिल होती, त्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. हल्ली डोकं तपासायलासुद्धा कागदावर घड्याळ काढायला लावतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

शिकवणाऱ्या बाई किडकिडीत, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी सांगितलं, "कागदावर मधोमध उभी रेघ काढा. आता तिच्या डावीकडे एक मोठा काळा ठिपका. काय होतंय?"

"डावीकडे झुकतंय," डॉक्टरीण म्हणाली.

"गरगरतंय," भाऊसाहेब म्हणाले.

बाई थबकल्या. "म्हणजे कसं?"

"म्हणजे, एकीकडे जड झालं की आधी पोटात कसंतरी होतं. मग दुसऱ्या बाजूचं काहीतरी घट्ट धरावंसं वाटतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऐकलंत का? तोल डोळ्यांना कळायच्या आधी पोटात कळतो. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण पहिल्याच दिवशी हे सांगणारे तुम्हीच."

सगळा वर्ग वळून भाऊसाहेबांकडे बघायला लागला. ऑफिसात ते फक्त 'अहो रेकॉर्ड' होते. नावाने कुणी हाक मारली तर ती फाइल हरवल्यावर. आज एक शिकली-सवरली बाई त्यांच्या चक्करेचं कौतुक करत होती. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही, इतके ते खुशीत होते.

पुढच्या वर्गांत बाईंनी एकेक तत्त्व सांगितलं आणि भाऊसाहेबांनी ते घरी आणलं. "तुमचं फार भरलेलं असतं," बाई त्यांचा कागद बघून म्हणाल्या होत्या, "थोडं रिकामं ठेवा. रिकाम्या जागेला घाबरायचं नाही." भाऊसाहेब त्या रात्रीपासून अर्धपोटी उठायला लागले. मग बाई म्हणाल्या, "विरोध हवा. सगळं सारखंच असलं की मरगळ येते. घरी जाऊन विरोधाचा अभ्यास करा."

"भाजीत मीठ बरोबर आहे ना?" बायकोने जेवताना विचारलं.

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली होती. या प्रश्नाला हे उत्तर पहिल्यांदाच आलं.

"मग दोनदा वाढून कशाला घेतलीत?"

"विरोध करायला सांगितलाय."

"कुणी?"

"बाईंनी."

बायकोने हातातला डाव खाली ठेवला. "कोण बाई?"

भाऊसाहेबांनी चष्म्यापासून काळ्या ठिपक्यापर्यंत सगळं सांगितलं. कान बरा करायला ठिपके कशाला काढावे लागतात ते काही तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर सांगता सांगता त्यांनाही कळेनासं झालं. शेवटी मोजणीदारांना बोलावणं गेलं. ते आले ते ओळंबा घेऊनच. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन त्यांनी भाऊसाहेबांच्या नाकाजवळ लोंबतं धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "दीड बोट डावीकडे कलताय. तोल म्हणजे ओळंबा, भाऊसाहेब. बाकी सगळं थोतांड. दात घासताना एका पायावर उभे राहत जा." दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी तेही केलं. आरशावर पेस्टची एक लांब रेघ उमटली. ती डावीकडे उतरती होती, म्हणजे मोजणीदार बरोबर होते.

कुणी म्हणेल, एवढ्या दिवसांत माणसाला आपण चित्रकलेच्या वर्गात बसलोय हे कळू नये? कळलं होतं. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी रंग आणि ब्रश आणायला सांगितले तेव्हाच त्यांना शंका आली होती. पण शंका येणं वेगळं आणि उठून 'माफ करा, मी चुकून आलो' म्हणणं वेगळं. त्यात बाईंनी त्याच दिवशी त्यांचा कागद भिंतीला लावला होता. भाऊसाहेबांनी स्वतःची समजूत घातली: डॉक्टरांनी तोल म्हटलंय, इथेही तोलच चाललाय, मोठ्या डॉक्टरांना काही नवीन पद्धत माहीत असेल.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी ते ब्रश धुवायला उठले. दुसऱ्या मजल्यावरचा नळ कोरडा होता. पाणीपुरवठ्याच्या माणसाने यावर काही बोलू नये म्हणून ते गुपचूप तळमजल्यावर आले, आणि खोली एकचं दार उघडं दिसलं.

आत जमिनीवर पांढऱ्या पट्टीची सरळ रेघ होती. तिच्यावरून सात-आठ वयस्क माणसं हात पसरून, पावलापुढे पाऊल लावत चालली होती. शिट्टी अडकवलेले एक धष्टपुष्ट सर ओरडत होते, "कानाला सवय लागली पाहिजे! हं, वळा!" दारावर ठळक अक्षरं होती: 'तोल सुधारणा वर्ग, डॉक्टरांच्या चिठ्ठीने.' भाऊसाहेबांच्या पायाखालची जमीन पुन्हा एकदा सरकली, पण या वेळी कानाचा काही दोष नव्हता.

सरांनी त्यांना पाहिलं. "काय पाहिजे? नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. सरांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. "अच्छा! म्हणजे ते तुम्ही! तुमच्या नावापुढे सहा फुल्या आहेत. डॉक्टरांची यादी आलीय माझ्याकडे. होतात कुठे?"

"वरती," भाऊसाहेब म्हणाले. हातातला निळा ब्रश त्यांनी पाठीमागे नेला. सदऱ्याच्या मागच्या बाजूला तो डाग अजून आहे.

खरं तर त्या क्षणी नववी खोली सोडून पहिलीत जायचं, एवढं सोपं होतं. पण वर त्यांचं अर्धं चित्र बोर्डावर लावलेलं होतं आणि बाई म्हणाल्या होत्या, "शेवटच्या दिवशी आपण सगळी चित्रं लोकांना दाखवणार. तुमचं मधे लावू." सत्तावीस वर्षांत भाऊसाहेबांचं काहीही कुठेही मधे लागलं नव्हतं. तेव्हा त्यांनी ठरवलं: पाच ते साडेपाच खाली, साडेपाच ते सहा वर. दोन्ही तोल सांभाळायचे.

तिथून खरा गोंधळ सुरू झाला. खाली सर म्हणत, "नजर एका बिंदूवर ठेवा. हलवलीत की पडलात." वर बाई म्हणत, "नजर एका बिंदूवर खिळू देऊ नका. फिरली पाहिजे." खाली, "दोन्ही बाजूंना सारखा भार द्या." वर, "दोन्ही बाजू सारख्या झाल्या की चित्र मेलं म्हणून समजा." सर म्हणत रेघ सोडू नका, बाई म्हणत रेघेच्या बाहेर जायची हिंमत करा. भाऊसाहेब जिन्यात कुठल्या मजल्यावर आहेत त्याप्रमाणे त्यांचं मत बदलत असे, आणि मधल्या पायऱ्यांवर तर त्यांना काहीच मत नसे. एकदा ते खाली रेघेवरून चालताना डौलात डावीकडे बाहेर निघून गेले आणि भिंतीपाशी जाऊन थांबले.

"हे काय?" सर ओरडले.

"मधेच असणं कंटाळवाणं दिसतं," भाऊसाहेब म्हणाले.

सरांनी त्यांना खांद्याला धरून परत रेघेवर आणून उभं केलं. वर परिस्थिती याहून बरी नव्हती. चित्र लांबून बघताना भाऊसाहेब नकळत एक पाय उचलून उभे राहत. बाईंना वाटलं ही त्यांची बघण्याची खास रीत आहे. पुढच्या शुक्रवारी बेकरीवालाही एका पायावर उभा राहून आपल्या चित्राकडे बघत होता.

शेवटच्या शुक्रवारी खाली परीक्षा होती आणि वर प्रदर्शन. भाऊसाहेबांनी बायकोला आणि मोजणीदारांना 'परीक्षा बघायला या' असं सांगितलं होतं. कुठली ते सांगायचं धाडस झालं नव्हतं. तळमजल्यावर त्यांनी वीस फुटांची रेघ पार केली, डोळे मिटून एका पायावर वीस आकडे मोजले, मागे वळले. एकदाही लडखडले नाहीत. सरांनी पाठ थोपटली. "उत्तम! तुमच्या कानाला काहीही झालेलं नाही."

"मग दाखला?"

"तो नाही मिळणार. बारा हजेऱ्या लागतात. तुमची अर्धी-अर्धी धरून पाच भरतात."

"पण तोल आला ना?"

"तोल आला, हजेरी नाही आली," सर म्हणाले. तेही कुठल्यातरी परिपत्रकालाच बांधलेले असणार.

भाऊसाहेब जिना चढून वर गेले ते पाय ओढत. तक्रार खिडकीचे गज त्यांना डोळ्यांपुढे दिसायला लागले. वर खोली नऊमध्ये त्यांचं चित्र खरंच मधे लावलेलं होतं, आणि त्याच्यापुढे त्यांची बायको उभी होती. त्यांनी सांगितलेलं काहीच न कळल्यामुळे ती सरळ चिठ्ठीवरच्या नऊ नंबरवर आली होती. शेजारी मोजणीदार ओळंबा काढून चित्राची चौकट सरळ आहे का ते बघत होते.

चित्र साधंच होतं. मोठा, जवळजवळ कोरा कागद. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक शिडी, तिच्या टोकाजवळ बोटाच्या पेराएवढा माणूस. डावीकडे खाली एक काळा गठ्ठा. बस.

"चौकट सरळ आहे," मोजणीदार म्हणाले, "पण शिडी पडणार. पायथा फार आत घेतलाय. आणि एवढा कागद फुकट घालवलाय तो वेगळाच."

बायको दोन पावलं मागे सरकून चित्र बघू लागली. भाऊसाहेबांना दरदरून घाम फुटला. ठिपके, विरोध, अर्धपोटी उठणं, या सगळ्याचा हिशेब आता होणार असं त्यांना वाटलं.

"नाही पडणार तो," ती म्हणाली.

"कशावरून?" मोजणीदार.

"तो घाबरलेला नाहीये. इतक्या लांबून दिसतंय." मग ती नवऱ्याकडे वळली. "इतकी वर्षं रोज एवढ्या वर चढता? मला वाटायचं, बसून काम असतं तुमचं."

भाऊसाहेब नकळत एका पायावर उभे होते. त्यांनी पाय बदलला.

निघताना बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला. भाऊसाहेबांच्या कागदावर शाईने लिहिलं होतं: 'यांना तोलाची उत्तम जाण असून त्यांनी दोन महिन्यांचा अभ्यास पूर्ण केला आहे.' खाली सही, नागरी केंद्राचा गोल शिक्का. तो कागद बघताना भाऊसाहेबांच्या मनात जे आलं ते मोजणीदारांच्या तोंडातून बाहेर पडलं, "हाच द्या की ऑफिसात!"

सोमवारी त्यांनी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. ठेवला खरा, पण हात मागे घेववेना. खोटं बोलायची सवय नाही म्हटल्यावर तोंड आपोआप उघडलं. "मॅडम, एक सांगायचं होतं. हा दाखला चित्रकलेच्या वर्गाचा आहे. शरीराच्या तोलाचा नाही, चित्राच्या तोलाचा."

मॅडमनी परिपत्रक काढलं. बोट ठेवून सगळं वाचलं. मग दाखला वाचला. मग पुन्हा परिपत्रक.

"इथे 'तोल' एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कसला ते नाही. सही आहे?"

"आहे."

"शिक्का?"

"आहे."

"मग तुम्ही माझा वेळ का घेताय? चढा. ग्राहक बाहेर बसलेत, वरच्या खणातली फाइल हवीय त्यांना."

सगळं ऑफिस रेकॉर्ड रूमच्या दारात जमलं. भाऊसाहेबांनी शिडीवर पाय ठेवला. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीवर सरांचा आवाज आला: नजर एका बिंदूवर. पाठोपाठ बाईंचा: नजर फिरू द्या. भाऊसाहेब तिथेच थांबले. वर जावं तर कुणाचं ऐकावं कळेना, खाली यावं तरी तोच प्रश्न.

"खाली बघू नका!" कॅशियर ओरडला.

"खालीच बघा, पाय कुठे आहे ते कळेल!" टायपिस्ट बाई ओरडल्या.

"श्वास सोडा!"

"धरून ठेवा!"

"अहो, जरा तुम्ही सगळे बाजूला व्हा बघू," भाऊसाहेब वरून म्हणाले. "फार गर्दी झालीय इथे. मोकळं वाटलं पाहिजे." त्यांच्या आवाजात असं काही होतं की सगळे खरंच दोन पावलं मागे सरले. भाऊसाहेबांनी एक श्वास घेतला, कुणाचंही न ऐकता अकराव्या पायरीवर गेले आणि फाइल घेऊन खाली आले. टाळ्या पडल्या. मॅडमनी फाइल उघडली.

"ही नाही. हिच्या शेजारची."

टाळ्या वाजवणारे चहाला निघून गेले. कौतुक एकदाच करायचं असतं. भाऊसाहेब एकटेच पुन्हा चढले, बरोबर फाइल काढली, बगलेत धरली, आणि उतरणार तेवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या फडताळाकडे गेलं. डावीकडे सगळे जाड, काळपट गठ्ठे एकावर एक, उजवीकडे नुसती पोकळी. सत्तावीस वर्षं ते असंच होतं आणि सत्तावीस वर्षांत ते त्यांना दिसलं नव्हतं. पोटात कसंतरी झालं. अकराव्या पायरीवर उभं राहून त्यांनी एका हाताने सगळ्यात जाड गठ्ठा उचलला आणि अलगद उजवीकडे, अगदी कडेला नाही, थोडा आत, ठेवून दिला. मग मान मागे घेऊन बघितलं.

बरं दिसलं.

त्या गठ्ठ्यातली फाइल मागायला बुधवारी माणूस आला. गुरुवारी मॅडम स्वतः शोधायला उठल्या. शुक्रवारपर्यंत सगळं ऑफिस फडताळाच्या डाव्या बाजूला तो गठ्ठा शोधत होतं, आणि भाऊसाहेबही त्यांच्याबरोबर मनापासून शोधत होते. कारण तो उजवीकडे इतका शोभत होता की तो पहिल्यापासून तिथलाच असावा, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं.